वडिलांची मान

“ताम्मो, तू मान हलवलीस,” सीब्रांद नोर्दहोफ फोनवर म्हणाला. मी नेमका सूप फुंकत होतो. मान तर माणूस दिवसातून शंभरदा हलवतो, तेव्हा मी आपला “असेन” म्हणालो. “आडवी,” सीब्रांद म्हणाला. जन्मभर नोटरीचं काम केल्यामुळे त्याचा आवाज नेहमी खरेदीखत वाचल्यासारखा येतो. तो आमच्याकडचा नमस्काराचा साधा “मोय” म्हणतो तेव्हाही खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत असं वाटतं. “एकशे त्र्याऐंशी घरांनी पडद्यावर पाहिलं. कॅमेरावाल्या मेन्नोने आकडा दिलाय. पाळकबाई खाली आल्या, तुझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि तू मान आडवी हलवलीस. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मंगळवारी चारला बैठक घेतोय.” मग जरा थांबून, खरेदीखतात नसलेल्या सुरात तो म्हणाला, “तुझ्या बाबांची आठवण झाली रे.” फोन ठेवला तेव्हा चमचा माझ्या हातात तसाच होता आणि सूप निवलं होतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपदेश संपला तरी संपत नाही. पाळक, म्हणजे उपदेश करणारे धर्मगुरू, व्यासपीठावरून खाली येतात आणि त्या रविवारी ज्या वडिलांची पाळी असेल ते त्यांच्याशी हात मिळवतात. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना वडील म्हणायचं. मी नऊ वर्षं वडील आहे, माझे वडीलही वडील होते, आणि घोटाळा नको म्हणून त्यांना मी बाबाच म्हणतो. हा हात आभाराचा नसतो, सहीचा असतो. वर जे बोललं गेलं ते आम्हां सगळ्यांच्या वतीने बोललं गेलं, अशी ती सही. हात नाही दिला तर नुसत्या तेवढ्यावरून माणसं कोट चढवून दुसऱ्या मंडळीत जातात, हे मी सहा वर्षांचा असताना पाहिलेलं आहे. साथ आली आणि सरकारने हातच बंद केले. मग आम्ही तीन बैठका घालवल्या. कोपराला कोपर लावणं बाजारात ढकलाढकली केल्यासारखं दिसतं म्हणून नामंजूर. पायाला पाय लावणं फुटबॉलमध्ये जातं. छातीवर हात ठेवणं सीब्रांदला नाटकी वाटलं. शेवटी ठरलं, मान. इतिवृत्तात शब्द आहेत, माझ्याच अक्षरातले: ‘एकदा, खाली.’

आणि मी ती आडवी हलवली. तीनदा. त्या सकाळी देवळात आम्ही चौघंच होतो: पाळकबाई, ऑर्गनवर एप्पो, कॅमेऱ्यामागे मेन्नो, जो एरवी दातांचा डॉक्टर आहे आणि त्यामुळे कोणाहीकडे फार जवळून बघतो, आणि पहिल्या बाकावर मी. योरिंदा काल्सबेक चौतिशीतल्या, नेदरलँड्सच्या पार दक्षिणेकडून, झीलंडहून आलेल्या, अडीच वर्षं आमच्याकडे आहेत आणि त्यातलं जवळजवळ एक वर्ष रिकाम्या बाकांशी बोलण्यात गेलं. विषय होता विसावा. प्रभूने दमलेल्या शिष्यांना जरा बाजूला चला, थोडं टेका, असं सांगितलं, तो प्रसंग. आठेक मिनिटं त्या नीट बोलल्या. मग कागद मिटले. “मला यापुढचं सुचलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “शनिवारी रात्रभर बसले, तरी नाही. मी थकले आहे. तुम्हीही थकला असाल. आपण जरा गप्प बसू या.” आणि त्या चक्क व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या, घराच्या उंबऱ्यावर बसावं तशा. मेन्नोच्या घड्याळाप्रमाणे हे अकरा मिनिटं चाललं. आमच्या मंडळीत अकरा सेकंद शांतता झाली तरी कोणाला तरी झटका आलाय अशी शंका घेऊन लोक माना वळवतात. एकशे त्र्याऐंशी घरांत त्या वेळी काय काय झालं ते मला पुढच्या दोन दिवसांत कळलं: कोणी वायफाय बंद करून चालू केलं, कोणी मुलाला हाक मारली, एका घरात रिमोट आपटून फुटला. मला स्वतःला काय झालं हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला झोप लागली होती.

झोप म्हणजे साधी डुलकी नव्हे. मार्चपासून मला झोप नाही. वडीलमंडळाने ठरवलं होतं, लोकांचा सहभाग टिकला पाहिजे, त्यांना धीर दिला पाहिजे. प्रत्येक वडिलाने आठवड्याला दहा घरी फोन करायचा. आमच्या उत्तरेकडच्या, ग्रोनिंगनच्या माणसाला धीर द्यायला सांगणं म्हणजे गाईला शिटी वाजवायला सांगणं. “मोय. बरे आहात?” “हो.” “बरं.” “बरं.” एवढ्यात धीर देऊन होतो. पण मग फोन ठेवायच्या आधी ते गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्यातून सगळं येतं: बायको वृद्धाश्रमात काचेपलीकडून हात हलवते आणि ओळखत नाही, एकटं राहूनही बटाटे दोन माणसांचेच उकडले जातात. हे सगळं मी रात्री अंथरुणात घेऊन झोपायचो, म्हणजे झोपायचो नाही. दहा घरं आणि मधे मी. त्या रविवारी पाळकबाईंनी गप्प बसू या म्हटलं आणि मला आधी राग आला, मग रेडिएटरची टकटक ऐकू आली, मग कोटाच्या कॉलरचा लोकरी वास, मग माझे खांदे कानांपासून खाली उतरले, किती महिन्यांनी कोण जाणे, आणि मग काहीच नाही. स्वप्न नाही, घरं नाही, कोणी काचेपलीकडे नाही. एप्पोने ऑर्गनवर दोन्ही हातांनी आणि बहुधा दोन्ही पायांनी एकदम सूर लावला तेव्हा मी उठलो, म्हणजे थेट उभाच राहिलो, आणि समोर अंतर राखायच्या पिवळ्या पट्टीपलीकडे पाळकबाई उभ्या. डोकं डाव्या खांद्यावर पडून मान आखडलेली. मी ती सोडवायला हलवली. एकदा खाली करायची आहे हे आठवेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

“आखडली होती,” मी हिल्काला म्हणालो. हिल्का माझी बायको. तिने उपासना स्वयंपाकघरात, सूपमधले वाटाणे ढवळत पाहिली होती. “आखडली होती म्हणून काय सगळ्या गावासमोर नाही म्हणायचं?” ती म्हणाली. “बिचारीचा चेहरा पाहिलास? पडद्यावर एवढासा झाला.” मी म्हटलं, मी नाही म्हटलंच नाही. “तुझ्या मानेने म्हटलं ना,” हिल्का म्हणाली, “मग मान काय शेजाऱ्याची आहे?” आणि इथेच मी अडकलो. कारण दुपारभर, सोमवारी पुलावरच्या खोलीत बसूनही, मला तोच प्रश्न पडला. मी पूल उघडणारा माणूस. कालव्यावर बोट आली की गाड्या थांबवायच्या, पूल वर करायचा, बोट गेली की खाली. जानेवारीत बोटी नसतात आणि विचारांना पूल उघडावा लागत नाही. खरंच मान फक्त आखडली होती? की झोप लागायच्या आधी जो राग आला होता तो मानेत शिल्लक होता? बाई, आम्ही थकलोय हे आम्हांला माहीत आहे, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही आपलं पुढचं सांगा. असं काही तरी मला तेव्हा वाटलं होतं खरं. पण त्याच बाईंनी मला दहा महिन्यांत पहिल्यांदा झोपवलं होतं. म्हणता येईल तेवढं मोठं होय माझ्या अंगाने आधीच म्हणून टाकलं होतं, फक्त ते कॅमेऱ्यात आलं नव्हतं.

पुलावरची पाळी संपल्यावर सायकल घेऊन मी पाळकबाईंच्या घरावरून गेलो. म्हणजे दोनदा पुढे गेलो आणि तिसऱ्यांदा थांबलो. त्या दारात आल्या, खांद्यावर पांघरूण, पायात दोन रंगांचे मोजे. मी पायवाटेवर, त्या उंबऱ्याच्या आत. “विर्सेमा,” त्या म्हणाल्या, मला त्या आडनावानेच हाक मारतात, “तुम्ही समजवायला आला असाल तर नका. मी पत्र लिहिलंय. उद्याच्या बैठकीत वाचणार आहे. मी जाते इथून.” मी म्हटलं, “अहो, माझी मान...” “खरं सांगू? तुमचा राग नाही आला मला. अडीच वर्षांत स्पष्ट बोललेले तुम्ही पहिले. बाकी सगळे दर रविवारी एकच म्हणतात, याहून वाईट होऊ शकलं असतं. ख्रिसमसचा उपदेश मी तीन आठवडे लिहिला. सगळे काय म्हणाले? याहून वाईट होऊ शकलं असतं!” मी हँडल धरून उभा राहिलो. “पाळकबाई,” मी म्हणालो, “ती स्तुती आहे.” “काय?” “आमच्याकडे त्यापलीकडे शब्दच नाही. माझं लग्न झालं तेव्हा हिल्काचे वडील मला तेच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अडीच वर्षांची स्तुती एकदम अंगावर कोसळल्यावर माणूस जसा दिसेल तशा दिसल्या, म्हणजे अजूनच थकलेल्या. “हे कोणी आधी सांगायचं नाही का?” त्या म्हणाल्या. “बरं. पण तुम्ही तर तेवढंही म्हणाला नाहीत.” आता सांगायचं होतं. मी झोपलो होतो, एवढे तीन शब्द. पण उपदेशात झोपलेला वडील म्हणजे काय हे तुम्हांला कळायला आमच्यात जन्माला यावं लागेल. मी म्हटलं, थंडी आहे, दार लावा. त्यांनी लावलं आणि घरी येईपर्यंत मी स्वतःला चार शिव्या दिल्या.

भीती झोपेची नव्हती, बाबांची होती, आणि बाबा जाऊन सतरा वर्षं झालीत. एकोणीसशे सदुसष्टच्या जानेवारीत कालवे गोठले होते आणि तेर हार नावाचे पाळक व्यासपीठावरून म्हणाले की चांगला बर्फ रविवारीच धरला तर रविवारी स्केटिंग केल्याने देवाचं काही बिघडत नाही, तोही विसावाच. त्या काळी आमच्यात रविवारी स्केट्सना हात लावणंही पाप होतं. तेर हार खाली उतरले, हात पुढे केला. पाळी बाबांची होती. बाबा उभे होते, ताठ, आणि त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. तो बाहेर आला नाही. तेर हारांनी मोजून तीन श्वास वाट पाहिली आणि ते गेले. त्या महिन्यात चाळीस घरं पलीकडच्या मंडळीत गेली, काही तेर हारांच्या बाजूने, काही विरुद्ध, आणि काही नुसतीच चिडून. वसंतात तेर हारही गेले. मला शाळेत, दुकानात, पुढे पुलाच्या नोकरीतही लोक सांगायचे, तुझ्या बाबांचा हात म्हणजे हात. आमच्या घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं, हा हात होता. वडीलमंडळात मला घेतलं तेही त्या हातामुळे, माझ्यामुळे नव्हे. आणि बाबांनी ऐंशीव्या वर्षी बटाटे सोलता सोलता मला सांगितलं, “ती पेपरमिंट होती, ताम्मो.” आमच्याकडे उपदेशाचे तीन भाग असतात आणि तीन पेपरमिंट लागतात. दुसरी मला तिखट लागली म्हणून मी चोखून अर्धी झालेली बाबांच्या हातात ठेवली होती, आणि त्यांनी ती खिशात टाकली, हातासकट. घामाने ती विरघळली, अस्तराला चिकटली, बोटांना चिकटली. “ओढला असता तर अस्तर बाहेर आलं असतं,” बाबा म्हणाले. “सगळ्यांसमोर.” मग पाळक गेले, आणि दाराशी लोकांनी पाठीवर थाप मारली, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. सगळ्यात वाईट मला नंतर कळलं: बाबांना स्केटिंगचं वेड होतं. तेर हारांचं म्हणणं त्यांना पटलं होतं. त्या दिवसानंतर रविवारीच काय, मंगळवारीही त्यांनी कधी बर्फावर पाय ठेवला नाही. लोक बघतील म्हणून.

मंगळवारी चार वाजता पडद्यावर बारा चौकोन. सीब्रांदच्या मागे कायद्याची पुस्तकं, मेन्नोच्या मागे कोणाचा तरी दातांचा साचा. फेन्ना डाइकेमा, शहाऐंशीच्या, मंडळातल्या सगळ्यात जुन्या, नेहमीप्रमाणे फक्त कपाळ दिसेल अशा बसलेल्या. दहा महिने आम्ही फेन्नाबाईंच्या कपाळाशी चर्चा करतो. पाळकबाई कोपऱ्यातल्या चौकोनात, समोर घडी घातलेला कागद. सीब्रांदने प्रार्थना केली आणि म्हणाला, “पत्र वाचण्याआधी, वडील विर्सेमांनी आपली हरकत मांडावी.” मी म्हटलं, “हरकत नाही. मला झोप लागली होती.” मेन्नो पडद्याच्या आणखी जवळ आला. “पाळकबाई गप्प बसू या म्हणाल्या आणि मला झोप लागली. ऑर्गनने उठलो. मान आखडली होती. ती मी सोडवली.” हिल्का शेजारच्या खोलीत होती, तिकडून बशी ठेवल्याचा आवाज आला. सीब्रांद हळू मान हलवत होता, उभी, फार समजूतदारपणे. “ताम्मो,” तो म्हणाला, “हे मोठेपण आहे. तू स्वतःला हलकं करून बाईंची लाज राखतोयस. पण विर्सेमांच्या घरात उगाच मान हलत नाही, हे आम्ही जाणतो. तुझ्या बाबांनीही शेवटपर्यंत तेर हारांविरुद्ध एक शब्द काढला नाही.” मेन्नोनेही होकार भरला. पाळकबाईंनी कागदाची घडी उलगडायला घेतली.

मी बाबांचा फोटो भिंतीवर आहे तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. “बाबांच्या खिशात पेपरमिंट होती,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं: अर्धी चोखलेली, माझीच, अस्तर, बोटं, स्केट्स माळ्यावर. सांगताना माझा आवाज कुठे कुठे गेला मला माहीत नाही. चौपन्न वर्षं आमच्या घराने ज्यावर मान वर ठेवली ते मी सहा मिनिटांत संपवलं. संपल्यावर असं वाटलं की मी बाबांना सगळ्यांसमोर खिशाचं अस्तर बाहेर काढायला लावलंय. मला रडू येत होतं आणि मी कॅमेऱ्याकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळेना. “तेव्हा आमच्या घराण्याच्या मानेवर आणि हातावर कृपा करून काही ठरवू नका,” मी म्हटलं. “रविवारचा उपदेश मला मान्य आहे.”

“संपूर्ण?” सीब्रांदने विचारलं. नोटरी तो नोटरीच.

“अर्धा ऐकला,” मी म्हणालो. “उरलेला पाळला.”

तेव्हा फेन्नाबाईंचं कपाळ पुढे आलं. “माझा बेरेंड आणि त्याचा भाऊ,” कपाळ म्हणालं, “त्या हातापायी एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. एका बोळातली दोन घरं. भाऊ गेला तेव्हा बेरेंड खिडकीतून बघत राहिला.” मग कपाळ कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आलं. “पेपरमिंट?” “हो, फेन्नाबाई.” “चोखलेली?” “हो.” आणि कपाळ हलायला लागलं. वरच्या सुरकुत्या, पांढऱ्या केसांची रेघ, सगळं थरथर थरथर हलत होतं, आवाज येत नव्हता, आणि त्या हसताहेत की रडताहेत हे आम्हां कोणालाच सांगता येईना. बराच वेळ ते चाललं. शेवटी एक रुमाल आला आणि कपाळ झाकलं. “तेर हार बरोबर बोलला होता,” रुमालाआडून आवाज आला. “मी रविवारी जायचे स्केटिंगला. धरणापलीकडे. कोणाला सांगू नका.”

कोपऱ्यातल्या चौकोनात पाळकबाईंचे ओठ हलत होते. “आवाज बंद आहे, पाळकबाई,” तिघंजण एकदम ओरडले. त्या थांबल्या, बटण शोधलं. पत्र समोर होतंच, पण त्यांनी ते हातात घेतलं नाही. “काही नाही,” त्या म्हणाल्या. “मी म्हणत होते, पत्र नंतर कधीतरी बघू. मला आत्ता झोप आलीय. खूप. म्हणजे बऱ्याच महिन्यांची.” आम्ही सगळे सीब्रांदकडे बघायला लागलो, कारण अशा विनंतीसाठी नियमांत कलम नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सीब्रांदने चष्मा काढला. त्याचं नाक चष्म्याशिवाय मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. फार साधं नाक निघालं. “मग झोपा, पाळकबाई,” तो म्हणाला. “ईस्टरपर्यंत झोपा. उपदेश आम्ही वडील मिळून वाचून दाखवू. ते मात्र खरंच याहून वाईट होईल म्हणा.” आणि मग, कोणी सांगितलेलं नसताना, त्याने मान एकदा खाली केली.

पाळकबाईंनी आमच्याकडे बघितलं. मग त्यांचा चौकोन काळा झाला आणि त्यावर नुसतं नाव राहिलं. बैठक संपल्याचं कोणी म्हटलं नाही. एरवी सीब्रांदने ‘आमेन’ म्हणताच आम्ही सगळे बिळात उंदीर पळावेत तसे गायब होतो. आज अकरा माणसं आपापल्या चौकोनात तशीच बसून राहिली. कोणी खोकलं नाही. मेन्नोने डोळे मिटले होते. फेन्नाबाईंचं कपाळ हळूहळू खाली सरकत गेलं आणि पडद्यावर फक्त त्यांच्या खुर्चीची पाठ उरली. हिल्का दाराशी येऊन उभी राहिली होती आणि तीही काही बोलत नव्हती. किती वेळ गेला कोणी मोजलं नाही. मला मात्र त्या वेळी अजिबात झोप आली नाही. कोणीतरी जागं राहायला हवं होतं, आणि पाळी माझी होती.